डीबगर असेपर्यंत चालतं, लाइट जाऊन आली की बोर्ड मुका

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. प्रोग्रॅम बिल्ड होतो, एकही एरर नाही. एसटी-लिंक, म्हणजे लॅपटॉप आणि चिप जोडणारं डीबगरचं उपकरण, लावून बोर्डात उतरवला की एलईडी लुकलुकतो, डिस्प्ले येतो, सिरियलवर अक्षरं येतात. केबल उपसली तरी चालूच राहतं. पण एकदा सप्लाय बंद करून परत दिला की शुकशुकाट. पुन्हा केबल लावून लोड केलं की परत सगळं छान.

असं झालं की पहिला संशय हार्डवेअरवर जातो. रीसेट पिनवरचा कपॅसिटर बदलून बघतात, क्रिस्टलला बोट लावून बघतात, रेग्युलेटर गरम होतोय का बघतात. कधीकधी खरंच तिथे काही निघतं. मला मात्र बहुतेक वेळा कारण सापडलंय ते एका समजुतीत: प्रोग्रॅम मेन या फंक्शनपासून सुरू होतो. कॉलेजात हेच शिकवलं जातं, आणि पीसीवर काम करणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. मायक्रोकंट्रोलरवर अडतं. चिपला मेन नावाचं काही असतं हेच ठाऊक नसतं.

आमच्यावर हे शेकलं ते सांगलीकडच्या एका दूध संकलन केंद्रावर. आमच्या टीमने केलेला कंट्रोलर तिथल्या बल्क कूलरवर बसवलेला. काम साधं: टाकीतलं दूध ४ अंशांच्या आसपास ठेवायचं, कंप्रेसर चालू-बंद करायचा, दूध ढवळणारी मोटर ठरल्या वेळी फिरवायची. आत एसटीएम३२एफ१०३सी८, म्हणजे ब्लू पिल बोर्डवर असते तीच चिप, आणि तिच्यावर फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्याकडचा एक मुलगा, हुशार, दीडेक वर्ष अनुभव, लॅपटॉप घेऊन तिथे गेला. नवीन फर्मवेअर टाकलं, दोन तास बसून बघितलं, केबल काढली, पॅनेलचं झाकण लावलं, एसटी-लिंक पिशवीत टाकला आणि संध्याकाळची एसटी पकडली. रात्री लाइट गेली. पहाटे आली. साडेपाचला फोन: "साहेब, तुमचा डबा बंद पडलाय बघा. डिस्प्लेच येईना." केंद्रवाल्यांनी कंप्रेसर मॅन्युअल स्विचवर टाकला होता म्हणून दूध वाचलं.

मुलगा परत गेला. केबल लावली, लोड केलं, चालू. फोनवर म्हणाला, "सर, बोर्ड ओके आहे." मी म्हटलं, आता केबल काढ आणि मेन स्विच पाड. पाडला, परत लावला. मुका.

आता चिप जागी होते तेव्हा काय करते ते बघू, कारण बाकी सगळं त्यावरच टांगलेलं आहे. कॉर्टेक्स-एम जातीचा कोअर रीसेटमधून बाहेर आला की फक्त दोन शब्द वाचतो, प्रत्येकी ३२ बिटांचे. पत्ता ० वरचा शब्द तो स्टॅक पॉइंटरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या डेटाच्या जागेचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरमध्ये, घालतो. पत्ता ४ वरचा शब्द हा जिथून सुरुवात करायची तो पत्ता. एसटीएम३२मध्ये फ्लॅश असते हेक्स ०८०००००० पासून, आणि बूट पिन नेहमीच्या जागी असेल तर तीच फ्लॅश पत्ता ० वरही दिसते. म्हणजे व्यवहारात तो फ्लॅशचे पहिले ८ बाइट वाचतो. नावं नाहीत, फाइलचं हेडर नाही, सिम्बॉल टेबल नाही. ८ बाइट.

दुसऱ्या शब्दात जो पत्ता असतो तो रीसेट हँडलरचा, म्हणजे रीसेटनंतर पहिल्यांदा चालणाऱ्या कोडचा. हे दोन शब्द म्हणजे व्हेक्टर टेबलाचं तोंड, त्यांच्या मागे इंटरप्टच्या हँडलरांचे पत्ते असतात. हा हँडलर आधी सुरुवातीची किंमत दिलेले ग्लोबल व्हेरिएबल फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवतो, ज्यांना किंमत दिलेली नाही त्यांची जागा शून्याने भरतो, घड्याळ लावणारं सिस्टिम इनिट चालवतो, सी++ असेल तर ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर चालवतो, आणि हे सगळं उरकल्यावर मेनला बोलावतो. मेन या लग्नात बऱ्याच उशिरा येतो, पण वरात त्याचीच असल्यासारखं सगळे बोलतात.

मग लिंकर स्क्रिप्ट, म्हणजे कोणता कोड कोणत्या पत्त्यावर बसवायचा ते सांगणारी फाइल, तिच्या डोक्यावर एंट्री म्हणून रीसेट हँडलरचं नाव लिहिलेलं असतं ते कशासाठी? मी स्वतः सुरुवातीची दोन-तीन वर्षं असंच धरून चाललो होतो की त्या ओळीमुळेच चिपला सुरुवात कळते. तसं नाही. त्या ओळीमुळे बिल्डमधून निघणाऱ्या एल्फ फाइलच्या हेडरमध्ये एक पत्ता लिहिला जातो, इतकंच. एल्फ फाइल चिपमध्ये जात नाही. तिच्यातून फक्त बाइट जातात. नुसत्या बाइटची बिन फाइल काढलीत तर तो पत्ता गळूनच पडतो. हेक्स फाइलमध्ये त्याच्यासाठी वेगळी नोंद असते, पण फ्लॅशमध्ये ती लिहिली जात नाही.

तो पत्ता वाचतो डीबगर. जीडीबी या डीबगरमध्ये लोड म्हटलं की तो बाइट फ्लॅशमध्ये भरतो आणि शेवटी प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कुठली ते धरणारं रजिस्टर) थेट एल्फमधल्या एंट्रीवर नेऊन ठेवतो. स्क्रीनवर स्टार्ट ॲड्रेस म्हणून छापतोसुद्धा, आपणच बघत नाही. मग कंटिन्यू दाबलं की तिथून पळतो. या सगळ्यात नव्या प्रोग्रॅमचे पहिले दोन शब्द चिपने एकदाही वाचलेले नसतात. डीबगरने पाहुण्याला मागच्या दाराने आत घेतलं. पुढचं दार उघडतं का हे कुणी बघितलंच नाही. आमच्या स्टार्टअप फाइलची पहिली सूचना स्टॅक पॉइंटर स्वतःच भरते, त्यामुळे पहिल्या शब्दाचीही गरज लागली नाही.

म्हणून तपासायला बसलात तर लोड हा शब्द विसरा. केबल लावा, पण काही उतरवू नका. आधी रीसेट न देता नुसतं जोडून थांबवा आणि प्रोग्रॅम काउंटर बघा. सात एफ आणि शेवटी ई असं दिसलं तर कोअर लॉकअपमध्ये आहे, म्हणजे फॉल्ट हाताळतानाच दुसरा फॉल्ट आला आणि त्याने हात टेकले. मग ओपनओसीडीला (एसटी-लिंकशी बोलणारा लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम) रीसेट हॉल्ट सांगा. याने चिप खरी रीसेट होते, दोन शब्द वाचते आणि पहिली सूचना चालवण्याआधी थांबते. त्या क्षणी पीसी (प्रोग्रॅम काउंटर) आणि एमएसपी (मुख्य स्टॅक पॉइंटर) या दोन रजिस्टरांत जे दिसतं तेच तुमचं उत्तर. पीसीला सात एफ आणि ई, एमएसपीला सात एफ आणि सी दिसलं, तर फ्लॅश तिथे कोरी आहे, तुमचा प्रोग्रॅम दुसरीकडेच कुठेतरी बसलाय.

आमच्या बोर्डवर मुलाने वाचून दाखवलं: पीसी ३७३०३१३०, एमएसपी ३२५२४५५४. दोन्ही पत्त्यांवर या चिपमध्ये काहीही नाही. या चिपची रॅम २० केबी, म्हणजे २००००००० ते २०००५०००. पहिला शब्द २०००५००० असायला हवा होता, दुसरा ०८०० ने सुरू होणारा आणि शेवटचा अंक विषम. विषम का, तर कॉर्टेक्स-एम फक्त थंब सूचना चालवतो आणि पत्त्याचा सर्वांत खालचा बिट १ असणं ही त्याची खूण. प्रोग्रॅम काउंटरमध्ये मात्र तो बिट दिसत नाही, तिथे तो ० होऊन येतो.

मी त्याला म्हटलं, ओपनओसीडीच्या एमडीडब्ल्यू या मेमरी वाचणाऱ्या कमांडने ०८०००००० वरचे दोन शब्द जसेच्या तसे वाच. ३२५२४५५६ आणि ३७३०३१३१. (एमएसपीमध्ये शेवटचा ६ जाऊन ४ झाला होता, कारण स्टॅक पॉइंटरचे खालचे दोन बिट कायम शून्य राहतात.) आकडे कागदावर लिहिले आणि बघत बसलो. चिप लिटल एंडियन, म्हणजे धाकटा बाइट आधी. उलटे मांडले: ५६ ४५ ५२ ३२, ३१ ३१ ३० ३७. तीस ते एकोणचाळीसच्या घरातले आकडे सलग दिसले की ॲस्कीतले अंक डोळ्यांसमोर येतात. ५६ म्हणजे व्ही, ४५ म्हणजे ई, ५२ म्हणजे आर, ३२ म्हणजे २. पुढे १, १, ०, ७. व्हीईआर२११०७.

तो आमच्या फर्मवेअरचा व्हर्जन नंबर होता. चिपने व्हर्जन नंबरचा अर्धा भाग स्टॅक म्हणून घेतला आणि उरलेल्या अर्ध्यावर उडी मारली. शेवटचा अंक १ असल्यामुळे थंबची अटसुद्धा योगायोगाने पाळली गेली.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग मुलगा म्हणाला, "सर, ते मीच टाकलंय." सर्व्हिसवाल्यांना व्हर्जन एका ठरलेल्या पत्त्यावर हवा होता, म्हणजे लॅपटॉप लावून पटकन वाचता येईल. ठरलेला पत्ता म्हणजे सुरुवातीचा, इतकं सरळ गणित करून त्याने लिंकर स्क्रिप्टमध्ये फ्लॅशच्या तोंडाशी ५१२ बाइटचा भाग आखला, आणि व्हेक्टर टेबल त्याच्या मागे, ०८०००२०० वर गेलं. हे झाल्याचं त्याला माहीत होतं. त्याने सिस्टिम इनिटच्या फाइलमध्ये व्हेक्टर टेबलाचा ऑफसेट बदलून हेक्स २०० केलाही होता, त्यामुळे टेबल कुठे आहे ते धरणाऱ्या व्हीटीओआर रजिस्टरमध्ये बरोबर पत्ता जात होता, सगळे इंटरप्ट बरोबर येत होते, फ्रीआरटॉसचा टिक बरोबर पडत होता. म्हणून तर दोन तास सुरळीत चाललं. फक्त व्हीटीओआर भरणारा कोड हा रीसेटनंतरचा कोड. रीसेटच्या क्षणी त्यात शून्यच असतं. किल्ली घराच्या आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. टेबल परत ०८०००००० वर, ऑफसेट परत शून्य, आणि व्हर्जन फ्लॅशच्या शेवटच्या १ केबीच्या पानात, ०८००एफसी०० वर. तोही ठरलेलाच पत्ता आहे.

तुमच्याकडे पहिले दोन शब्द तपासलेत आणि ते कचरा निघाले, तर आमच्यासारखं कुणीतरी पुढे येऊन बसलंय का ते मॅप फाइलमध्ये (कोण कुठे बसलंय याची लिंकरने दिलेली यादी) बघा. त्यापेक्षाही जास्त दिसणारं कारण म्हणजे टेबलच गायब होणं. न वापरलेले भाग गाळणारा लिंकरचा पर्याय चालू असतो, आणि व्हेक्टर टेबलाला कोडमधून कुणी नावाने हाक मारत नाही, त्यामुळे लिंकरला ते अडगळ वाटतं. स्क्रिप्टमध्ये त्या सेक्शनभोवती कीप लिहिलेलं असतं ते यासाठीच. जुनी स्क्रिप्ट कॉपी करताना, किंवा स्वतः सी मध्ये टेबल लिहून सेक्शनचं नाव एका अक्षराने चुकवल्यावर, हे हमखास होतं.

पहिले दोन शब्द निरोगी असतील तर दुखणं पुढे आहे. आधी बूट० जंपर बघा. सिरियलवरून प्रोग्रॅम टाकायला तो १ वर नेतात आणि तसाच राहतो. मग चिप तुमच्या फ्लॅशऐवजी कारखान्यातून आलेल्या बूटलोडरमध्ये जाऊन वाट बघत बसते. हसू नका, मी यात अर्धा दिवस घालवलाय.

मग सेमीहोस्टिंग. प्रिंटएफचं आउटपुट डीबगरच्या खिडकीत दिसावं म्हणून ही सोय जोडतात. ती आतून ब्रेकपॉइंटची सूचना वापरते, क्रमांक हेक्स एबी. डीबगर जोडलेला असेल तर तो ती पकडतो, अक्षरं छापतो, पुढे जाऊ देतो. नसेल तर पकडायला कुणी नाही, आणि कोअर सरळ हार्ड फॉल्टमध्ये. लक्षण अगदी तेच, डीबगर असेपर्यंत चालतं. फरक इतकाच की यात चिप उठते, थोडी पळते आणि पहिल्या प्रिंटएफला पडते. बरेचदा ते मेनच्याही आधी असतं, कारण सेमीहोस्टिंगची तयारी लायब्ररी सुरुवातीलाच करून घेते. लिंकरच्या पर्यायांत आरडीआयमॉन हा शब्द शोधा. डिलिव्हरीच्या बिल्डमध्ये तो दिसता कामा नये.

उलटा आजारही असतो: सप्लाय देऊन चालतं, डीबगरने लोड केलं की भरकटतं. इथे लिंकरची ती वॉर्निंग आठवा, एंट्री सिम्बॉल सापडत नाही म्हणून अमुक पत्ता धरतो असं सांगणारी. शेकडो ओळींत ती वाहून जाते. चिपला फरक पडत नाही, डीबगरला पडतो. त्या वॉर्निंगमधला पत्ता ८००० असेल तर तुमची लिंकर स्क्रिप्ट वाचलीच जात नाहीये, लिंकर स्वतःचीच वापरतोय.

आता वर ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर मेनचं काय होतं, यात प्रत्येक घराची रीत वेगळी. फ्रीआरटॉसवर मेन तुमचाच असतो, त्यात टास्क बनवायचे आणि त्यांना पाळीपाळीने चालवणारा शेड्युलर सुरू करायचा. फसगत दोन ठिकाणी. एक, एसव्हीसी, पेंडएसव्ही आणि सिसटिक हे तीन हँडलर फ्रीआरटॉसच्या फंक्शनांना जोडलेले नसतील तर पहिला टास्क सुरू होतानाच कोड डिफॉल्ट हँडलरच्या न संपणाऱ्या लूपमध्ये अडकतो. ते डिफॉल्ट हँडलर वीक, म्हणजे त्याच नावाचं दुसरं फंक्शन मिळालं तर बाजूला होणारे, असल्यामुळे नाव चुकलं तरी लिंकर तक्रार करत नाही. फाइल सी++ ची असून एक्स्टर्न सी (नाव सी च्या पद्धतीनेच ठेव असं सांगणारी खूण) विसरलात तरी तेच. दुसरी फसगत जास्त आतली. कॉर्टेक्स-एमवर शेड्युलर सुरू होताना मुख्य स्टॅक पॉइंटर पुन्हा टेबलातल्या पहिल्या शब्दावर नेला जातो, आणि मेनचा स्टॅक तिथून पुढे इंटरप्ट वापरतात. मेनमध्ये लोकल बफर करून त्याचा पत्ता टास्कला दिलात तर तो बफर हळूहळू कुरतडला जातो. दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी भलतंच तापमान दाखवतं. असे बफर स्टॅटिक करा.

ईएसपी३२ चिपच्या ईएसपी-आयडीएफमध्ये तुम्ही लिहायचं ते ॲप मेन, मध्ये अंडरस्कोर. तिथे शेड्युलर आधीच चालू असतो आणि ॲप मेन हा एका टास्कमधून बोलावला जातो, ज्याचा स्टॅक ठरवून न दिल्यास ३५८४ बाइटचा. मोठा ॲरे लोकल केलात की रीसेटची माळ लागते. यातून परत फिरलं तरी चालतं, तो टास्क आपला मिटून जातो. आणि फाइलचं एक्स्टेन्शन सी वरून सीपीपी केल्याबरोबर ॲप मेन सापडत नाही असा लिंकर ओरडला तर घाबरू नका, एक्स्टर्न सी लावा. हा निदान ओरडतो तरी. झेफिरमध्ये मेन ऐच्छिक आहे. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर बिल्ड होतं, बोर्ड उठतो, बूटची ओळ छापतो आणि तुमचं काहीच चालवत नाही. नटएक्समध्ये कुठल्या फंक्शनपासून सुरुवात करायची ते कॉन्फिगरेशनमध्ये लिहावं लागतं. थ्रेडएक्समध्ये टास्क जन्माला घालायची जागा वेगळ्या नावाच्या फंक्शनात असते.

लिनक्सच्या बोर्डवरही तीच कथा. कर्नलला काही सांगितलं नाही तर तो पहिला प्रोग्रॅम म्हणून एसबिनमधलं इनिट, ईटीसीमधलं इनिट, बिनमधलं इनिट आणि शेवटी बिनमधलं एसएच या क्रमाने शोधतो. काहीच चाललं नाही की पॅनिक. त्याआधीच्या ओळीत एरर उणे २ आली आणि फाइल तर तुम्हाला समोर दिसतेय, असं असेल तर फाइल नाही, तिचा डायनॅमिक लोडर (तिला लागणाऱ्या लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) गायब आहे. उणे ८ म्हणजे बहुधा दुसऱ्याच आर्किटेक्चरसाठी बनवलेली फाइल.

सांगलीला परत. दुरुस्त फर्मवेअर टाकल्यावर मी मुलाला म्हटलं, आता पाच वेळा मेन स्विच पाड. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आलं की केबल काढलेलीच नाही. स्वस्तातले एसटी-लिंक बोर्डला ३.३ व्होल्ट पुरवतात, त्यामुळे मेन स्विच पाडूनही चिप जागीच असते आणि रीसेट होतच नाही. केबल पूर्ण काढायची, डिस्प्ले विझलाय हे डोळ्यांनी बघायचं, दहा सेकंद थांबायचं, मग स्विच. त्याने पाचही पहिल्यापासून परत केले.

आल्यावर त्याने आपणहून लिंकर स्क्रिप्टच्या शेवटी एक असर्ट टाकला: व्हेक्टर टेबलाचा पत्ता फ्लॅशच्या सुरुवातीशी जुळला नाही तर बिल्डच होऊ द्यायचं नाही. एररचा मजकूरही त्यानेच लिहिलाय, रोमन अक्षरांत पण मराठीत: "लाइट गेल्यावर काय करशील?" दोन महिन्यांनी तो एकदा लागला. या वेळी चूक माझी होती.